दुरुस्ती क्रमांक अडतीस

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली दोन तुझा राग उतरल्यावर टेकवीन.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, का अजून मुक्काम ठोकून आहे? इकडे आम्ही ठीक. हिची प्रकृती उत्तम असून गेले नऊ दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आहे, म्हणजे मीठ संपलं, दार लावून घ्या, एवढंच. त्यात चूक तिची नाही. ती तुझ्या बाजूची आहे हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

या जमान्यात पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला तर त्याच्याखाली एकच बारीक खूण येते, दुसरी काही केल्या येत नाही, त्यावरून हिने निष्कर्ष काढला की तू मला बंद करून टाकलं आहेस. योग्यच केलंस. मीही मला बंद करून टाकलं असतं, पण रोज दाढी करावी लागते, तोंड बघावंच लागतं. म्हणून कागद घेतला. (हा कागद ऑफिसातला आहे. मागच्या बाजूला 'वस्तूचे वर्णन' आणि 'ओळख पटल्याची सही' असं छापलेलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. बसस्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे दुसरा कागद कुठून असणार?)

आधी मुद्द्याचं लिहितो, नाहीतर मला फाटे फोडायची सवय आहे. मागच्याच्या मागच्या रविवारी दुपारी सव्वाबाराला मी तुला जो निरोप पाठवला, तो मी शब्दन् शब्द मागे घेतो. त्यात मी तुला पाठीमागे बोलणारी म्हटलं, बाबांचे कान भरणारी म्हटलं, तोंडावर गोड म्हटलं, आणि शेवटी (हे लिहिताना हात जड होतो) तुझ्या कुकरची मूठ मी माझ्या हाताने घट्ट करून दिली होती, निदान तेवढं तरी आठवायचं होतं, असंही म्हटलं. माणूस भांडणात किती खाली उतरू शकतो, असं कुणी विचारलं तर कुकरच्या मुठीपर्यंत, असं मी आता अनुभवाने सांगू शकतो. ताई, मला फार वाईट वाटतंय. हे सगळं का झालं ते सांगतो. सांगितल्यावर माझी चूक कमी होणार नाही, उलट जरा वाढेलच, पण तुला खरं कळेल.

आता तुला माहीत असलेलंच थोडं पुन्हा लिहितो, कारण हे पत्र भाऊजीही वाचणार आणि आपल्या घरची ती रीत त्यांना कुणी नीट समजावून सांगितलीच नाही. (त्यांना अजून वाटतं की त्या रविवारी आपण मागच्या खोलीत बसून गाणी म्हणायचो.) तर भाऊजी, बाबा आपलं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान वर्षातून एका रविवारी आवरायला काढायचे. आवरून झालं की मागच्या खोलीतल्या टेबलावर, डाख द्यायची सळई बाजूला सारून, बाबा रेकॉर्डर ठेवायचे आणि आम्ही चौघं भोवती बसायचो. प्रत्येकाने घरातल्या एकावर आपली वर्षभराची एकच तक्रार सांगायची. आधी ताई, मग मी, मग आई, शेवटी बाबा. मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. ज्याच्यावर तक्रार असेल त्याने ऐकून झाल्यावर एकच शब्द म्हणायचा, 'ऐकलं'. 'चुकलो' नाही, 'पण' नाही, 'तूच आधी' तर मुळीच नाही. 'ऐकलं' म्हटलं की ती तक्रार मिटली, पुन्हा जन्मात काढायची नाही. आणि एकाची तक्रार दुसऱ्याने कधी पोचवायची नाही, ज्याची त्यानेच सांगायची. आधी हे कॅसेटवर चालायचं, नंतर बाबा तबकड्या, म्हणजे सीडी, करायला लागले. आणि ही घराची दुरुस्तीच आहे असं त्यांचं म्हणणं असल्यामुळे, दुकानात आलेल्या कुठल्याही रेडिओसारखा तिलाही वहीतला पुढचा दुरुस्ती क्रमांक मिळायचा. तबकडीवर तारीख नाही, वर्ष नाही, नुसता क्रमांक. ही गोष्ट, ताई, लक्षात ठेव, कारण मी ती ठेवली नाही.

बाबांच्या शेवटच्या वर्षी मी त्या रविवारी आलो नाही. रजा मिळाली नाही असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. रजा मागितलीच नव्हती. तू आधीच्या आठवड्यात फोनवर म्हणालीस की यंदा बाबांना माझ्याबद्दल काहीतरी बोलायचंय, आणि मी रजेचा अर्ज लिहिलाच नाही. कारण बाबांची माझ्यावरची खरी तक्रार कुठली ते मला माहीत होतं. तेविसाव्या वर्षी मी दुकानात बसणार नाही, बसस्थानकात नोकरी लागली आहे, असं त्यांना सांगितलं, तेव्हा ते फक्त 'बरं' म्हणाले आणि पुन्हा रेडिओत डोकं घालून बसले. ती तक्रार ते एक ना एक दिवस त्या टेबलावर ठेवणार याची मी तेव्हापासून दरवर्षी वाट बघत होतो. दरवर्षी ते काहीतरी भलतंच सांगायचे (एका वर्षी मी चपला उलट्या काढतो ही होती) आणि मी एक वर्ष सुटायचो. त्या वर्षी वाटलं, आता आलीच. म्हणून तो रविवार मी खिडकीतल्या बेवारशी छत्र्यांच्या मागे लपून काढला. चार महिन्यांनी बाबा गेले. तुला विचारायची सोय नव्हती, कारण एकाची तक्रार दुसऱ्याने पोचवायची नाही, आणि तू नियम मोडणाऱ्यातली नव्हेस. मी मोडणाऱ्यातला आहे, पण माझ्याकडे माहिती नव्हती.

दुकान रिकामं करताना तुझ्या लेकीने उरलेल्या अकरा तबकड्यांच्या नकला केल्या आणि मला एका नखाएवढ्या मेमरी कार्डात घालून दिल्या. तेव्हा तिने मला सावकाश समजावलं होतं, की या नुसत्या आवाजाच्या नकला नाहीत, ही अख्ख्या तबकडीची जशीच्या तशी प्रत आहे, एका फाईलमध्ये बांधलेली. तबकडीवर बाबांनी जो क्रमांक लिहिला होता तेच फाईलचं नाव, आणि नावापुढे टिंब देऊन आयएसओ. "कम्प्युटरवर उघड हं मामा, फोनवर नको," असंही ती म्हणाली होती. मी मान डोलावली. (मान डोलावणं हा आमच्या खिडकीतला रोजचा व्यायाम आहे.) कार्ड आणि बाबांची दुरुस्तीची वही दोन्ही मी खिडकीतल्या माझ्या खणात ठेवून दिलं आणि अडीच वर्षं त्या खणाला हात लावला नाही. हिंमतच झाली नाही.

मग गेल्या महिन्यात एक बाई तीन वर्षांपूर्वी हरवलेली छत्री मागायला आल्या. नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी वस्तू निकालात निघते. ती निघाली नव्हती, केवळ माझ्या आळसामुळे. बाईंनी छत्री उघडली, एक मोडकी काडी बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, हीच. मग जाताना मला सांगून गेल्या की आधीच यायचं होतं, पण नाही म्हणाल तर काय, या भीतीने आल्या नव्हत्या. त्या गेल्यावर मी खण उघडला.

आता तू म्हणशील, लेकीने सांगितलं होतं तसं कम्प्युटरवर का नाही उघडलंस? कारण घरचा कम्प्युटर मी स्वतः भंगारात दिला होता. हिचा विरोध होता. तेव्हा मी हिला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं की आता कम्प्युटरची गरजच काय, सगळं फोनवर होतं. आता फोनवर होत नाही, असं म्हणायला मला तोंड राहिलं नव्हतं. ऑफिसातला कम्प्युटर आहे, पण त्याच्यात बाहेरचं काही घालायला तीन सह्या लागतात आणि तिसरा सही करणारा निवृत्त झाला आहे. कार्ड फोनमध्ये सारलं. अकरा फाईली ओळीने दिसल्या. एकीवर बोट ठेवलं, तर फोन म्हणाला, ही फाईल उघडण्यासाठी कोणतंही अॅप सापडलं नाही. म्हटलं, बाबा रे, तीस वर्षं मी लोकांना 'सापडलं नाही' सांगतोय, मला कुणी सांगायची ही पहिलीच वेळ.

मग मी केलं ते फक्त आमच्या खात्यातला माणूसच करू शकतो. आमच्याकडे वस्तूला किंमत नसते, चिठ्ठीला असते. चिठ्ठीवर 'पेटी' लिहिलं असेल तर ती पेटी, मग आत सतार का असेना. तेव्हा मी विचार केला की फाईलीचं काही बिघडलेलं नाही, नुसती चिठ्ठी चुकीची लागली आहे. आत आवाज आहे ना? मग पुढची तीन अक्षरं खोडून तिथे गाण्याच्या फाईलीला असतात ती घातली. आणि ताई, लगेच फाईलीच्या तोंडावर गाण्याचं चित्र आलं! मी खुर्चीतून उठलो. बोट ठेवलं. फोन म्हणाला, फाईल खराब झाली आहे. खुर्चीत बसलो. बाबांचा शेवटचा शब्द मी चिठ्ठी बदलून मारून टाकला अशी माझी खात्री झाली आणि ती आख्खी दुपार मी कुणालाच काही परत दिलं नाही. (एक माणूस आपली काठी समोर दिसत असून हात हलवत गेला. त्याची पुन्हा भेट झाली तर माफी मागायची आहे, यादीत त्याचा नंबर तुझ्यानंतर.) संध्याकाळी जुनी चिठ्ठी परत लावली, तर फाईल होती तशी. चिठ्ठीने वस्तू बदलत नाही, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. खात्याला कळवलेलं नाही.

नंतर अॅपं. एकाने उघडतो म्हणून सांगितलं आणि आधी मला फळं कापायच्या खेळाच्या सहा जाहिराती दाखवल्या. दुसऱ्याने माझे सगळे फोन नंबर बघायची परवानगी मागितली. तिसऱ्याला मी कुठे उभा आहे ते हवं होतं. आता बाबांचा आवाज ऐकायला मी कुठे उभा आहे याच्याशी कुणाला काय देणंघेणं? पण दिली परवानगी. त्याने मी बसस्थानकात असल्याचं बरोबर ओळखलं आणि फाईल उघडली नाही. शेवटी शेजारच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्यांना सव्वीस वर्षं लोक विचारतात आणि त्या सांगतात, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाने त्यांची मान वर होत नाही. खिडकीसमोर दहा माणसं ताटकळत उभी असताना त्या मला म्हणाल्या, "तुमच्या फोनला तबकडी घालायला फट आहे का? नाही ना? मग ती चालवणार कुठून? हे बांधलेलं गाठोडं आहे असं समजा. गाठोडं सोडणारं अॅप घ्या, आत शिरा, हवी ती फाईल बाहेर काढून फोनमध्ये ठेवा आणि मग वाजवा." रांगेतल्या दोघांनी हे लिहून घेतलं. ताई, एवढं सोपं होतं. अडीच वर्षं आणि एक चौकशी.

रविवारी सकाळी ही बाजारात गेल्यावर बसलो. अकरा फाईलींत सगळ्यात मोठा क्रमांक सहा हजार दोनशे नव्वद. बाकीच्या काही चार हजारांतल्या, काही पाच हजारांतल्या आणि पाच अगदी फुटकळ, तीन, अकरा, एकोणीस अशा. मोठा क्रमांक म्हणजे शेवटची तबकडी, फुटकळ म्हणजे अगदी सुरुवातीच्या, हे कुणीही सांगेल. मीही मला सांगितलं. सहा हजार दोनशे नव्वदचं गाठोडं सोडलं, आत एकच लांबलचक आवाजाची फाईल. बाहेर काढायला सांगितली. निम्म्यावर येऊन फोन म्हणाला, जागा संपली. पण तेवढी निम्मी बाहेर आली होती, ती वाजवली. आणि पहिलाच आवाज तुझा. "माझी तक्रार धाकट्यावर. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येतो म्हणाला आणि आला नाही. सकाळपासून त्या बाकावर मी एकटी. डॉक्टर बोलावतील म्हणून पाण्याला सुद्धा उठले नाही. विचारलं तर कामाचं नाव सांगेल." आणि फट्कन बंद.

माझं डोकं फिरलं. कारण शेवटच्या वर्षी बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी आलो होतो! उशिरा आलो होतो, पण आलो होतो, तुझ्या शेजारी त्याच बाकावर बसलो होतो, तुझ्या पुड्यातली चार बिस्किटं खाल्ली होती. आणि मी नाही असं बघून, माझ्या पाठीमागे, बाबांसमोर, माझी ताई धडधडीत खोटं बोलते? तुझा आवाज जरा कोवळा वाटला खरा. पण माझ्या फोनच्या स्पीकरवर सगळेच लहान वाटतात अशी मी माझी समजूत घातली. ते पहिलं ऑपरेशन, पहिला डोळा, ज्याला मी खरोखर आलो नव्हतो, ते माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. स्वतःच्या सोयीची आठवण माणसाकडे कशी चकचकीत असते बघ. सव्वाबाराला तुला निरोप पाठवला. पाठवताना फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

पण तेवढ्याने भागेना. मला तुझ्याविरुद्ध सगळा पुरावा हवा होता. राहिलेली निम्मी फाईल बाहेर काढायला जागा हवी, म्हणून फोनमधलं काय जड आहे ते बघितलं आणि त्यातले बरेचसे फोटो पुसून टाकले. (कुठले, ते शेवटी.) पुन्हा गाठोडं सोडलं, या वेळी आख्खी फाईल आली. तुझी तक्रार पुन्हा ऐकली, दात ओठ खात. आणि ती संपताच माझाच आवाज आला. सर्दी झालेला, पडेल. "ऐकलं."

मी तिथे होतो, ताई. तू माझ्या तोंडावर सांगितलं होतंस आणि मी 'ऐकलं' म्हटलं होतं. पुढची माझी स्वतःची तक्रार माझ्या कानात शिरलीच नाही. तेवढ्यात पुढे आई बोलायला लागली. आईची तक्रार त्या मशीनवरच होती, की हे वर्षाचं गाऱ्हाणं जेवणानंतर ठेवा, दरवेळी भात निवतो. मशीन काही 'ऐकलं' म्हणेना, मग बाबाच त्याच्या वतीने म्हणाले आणि सगळे हसले. तू पण हसलीस. आईचा आवाज मी किती वर्षांनी ऐकला ते मोज. ही बाजारातून आली तेव्हा मी फोन पोटाशी धरून बसलो होतो. तिने आधी माझा चेहरा बघितला, मग मी पाठवलेला निरोप वाचला, आणि त्यानंतर ती कामापुरतं बोलते आहे.

सोमवारी खणातली दुरुस्तीची वही उघडली. तुला आठवत असेल, मला नव्हतं. आई गेल्यावर बाबांनी जुनी वही मिटली, नवी घातली आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले. फुटकळ क्रमांक सुरुवातीचे नव्हते, शेवटचे होते. आणि पाच वर्षांत नव्या वहीचे क्रमांक अडतीसपर्यंतच पोचले होते, त्यातल्या पाच दुरुस्त्या तर आपल्याच. गिऱ्हाईक इतकं कमी झालं होतं हे मला माहीतच नव्हतं. बाबा सकाळी नऊला दुकान उघडून दिवसभर काय करत असतील, हा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नाही. शेवटची ओळ अडतीसची. वस्तूच्या रकान्यात 'घर'. दोषाच्या रकान्यात 'धाकटा गैरहजर'. आणि स्थितीच्या रकान्यात, ते इतरांना लिहायचे तसंच, 'काम बाकी'.

अडतीसचं गाठोडं मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, खिडकी अर्धी ओढून घेऊन सोडलं. आधी तू. "माझी काही तक्रार नाही." एवढंच. मी आलो नव्हतो, तू सगळं एकटीने करत होतीस, आणि तुझी तक्रार नव्हती. त्यानंतर बाबा म्हणाले, आता धाकट्याची पाळी, आणि मशीन चालू ठेवून ते गप्प बसले. मी नव्हतोच, तरी माझी पाळी त्यांनी पूर्ण दिली. मिनिटभर नुसता पंख्याचा आवाज. मग त्यांनी घसा साफ केला. मी समोरच्या फळीवरच्या छत्र्या मोजत होतो. आता दुकान येणार. "माझी तक्रार धाकट्यावर. माझ्या टेबलावरचा पिवळ्या मुठीचा बारका स्क्रू ड्रायव्हर त्याने नेला तो आणून दिला नाही. दोन वर्षं झाली. सगळ्या जगाच्या वस्तू परत देतो, माझी देत नाही. त्याच्यावाचून अडतं माझं. बाकी काही नाही."

बाकी काही नाही. हे तीन शब्द मी मागे नेऊन नेऊन किती वेळा ऐकले ते सांगत नाही. तीस वर्षं मी ज्या तक्रारीला भ्यालो ती त्यांच्याकडे नव्हतीच. एका स्क्रू ड्रायव्हरपायी मी छत्र्यांमागे लपलो आणि त्यांचा शेवटचा रविवार घालवला. पहिल्यांदा तर मला हसूच आलं. मग रागही आला, कारण तो स्क्रू ड्रायव्हर मी नेलाच नव्हता, शपथेवर सांगायची माझी तयारी होती. तक्रारीनंतर बाबा पुन्हा थांबले आहेत. 'ऐकलं'साठी. त्यांना माहीत होतं मी नाही, तरी थांबले आहेत, पंखा चालू आहे, लांबून कुणाच्या तरी हॉर्नचा आवाज येतो आहे. मला राहवलं नाही, मी मोठ्याने म्हणालो, "ऐकलं." आणि अर्ध्या खिडकीबाहेरून एक गृहस्थ खेकसले, "ऐकलं तर मग द्या की! केव्हाचा डबा मागतोय." डबा दिला. सही घ्यायची राहिली.

तर असं आहे सगळं. तू मिटवलेली तक्रार मी उकरून काढली, तीही अर्धी ऐकून, आणि वर तुलाच बोललो. नियम मोडला तो मोडला, तुझं मन दुखावलं याचं जास्त वाईट वाटतं. दुकान आवरायचा रविवार पुढच्या महिन्यात येतो. दुकान नाही, पण टेबल आमच्या गच्चीलगतच्या खोलीत आहे आणि रेकॉर्डरही आहे. त्या दिवशी तू ये. पहिली पाळी तुझी. यंदा तुझ्याकडे माझ्यावर चांगली भरगच्च तक्रार आहे, ती सांग. मी मध्ये बोलणार नाही. (भात आधी वाढून घेऊ.) भाऊजींना नमस्कार, तुझ्या लेकीला आशीर्वाद, आणि तिचं बरोबर होतं असं तिला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. फोटोंचं शेवटी लिहीन म्हटलं होतं. फोनमध्ये सगळ्यात जड होते ते भाऊजींच्या साठाव्या वाढदिवसाचे दोनशे बारा. सगळ्यांनी आपापले फोन ठेवून द्या, फोटो एकट्या धाकट्यानेच काढायचे, असं भाऊजींनीच बजावलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे असायची शक्यता नाही. मी दर महिन्याला 'पाठवतो' म्हणत होतो तेच हे. एक वाचला आहे. त्यात भाऊजींचे डोळे मिटलेले आहेत, पण केक चांगला आला आहे. हा मजकूर त्यांना वाचून दाखवायचा की नाही ते तू ठरव.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी, तुला मी नेमकं काय काय लिहिलं ते बघावं म्हणून तो निरोप पुन्हा वाचला. शेवटी कुकरची मूठ. ताई, ती मूठ मी घट्ट केली होती ती कशाने? बाबांच्या टेबलावरचा पिवळ्या मुठीचा खिशात घालून आलो होतो, आणि काम झाल्यावर तुझ्याच ओट्यावर ठेवून चहा प्यायला बाहेर गेलो. तो तुझ्या शेगडीच्या डावीकडच्या खालच्या खणात आहे, रबरबँडांच्या खाली. भाऊजींच्या केकवरच्या मेणबत्तीसाठी काडेपेटी शोधताना मी तो बघितला होता, आणि कुणाचा तरी असेल म्हणून खण लावून टाकला. लोकांच्या मोडक्या काड्यांवरून छत्र्या ओळखणारा मी. बाबांचं बरोबर होतं.

ता. क. तिसरा. तो टपालाने पाठवू नकोस. वाटेत हरवला तर फिरून माझ्याच खिडकीत येईल आणि मालकाची ओळख पटवून सही घ्यावी लागेल, आणि ती सही करणारे आता नाहीत. तू स्वतः घेऊन ये. अडतीसचं काम अजून बाकी आहे.